आरएसी म्हणजे मोठा एसी

माझ्या समोरचा बर्थ शेवटपर्यंत रिकामा होता, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कुणी विचारायचं कारण नव्हतं, आणि न विचारता काही सांगायची मला सवय नाही.

गोष्ट वर्षभरापूर्वीची. माझी भाची जयपूरला बाळंत झाली. तिचा नवरा तिकडे नोकरीला. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, डहाणूजवळ आगरला राहते आणि सुकी मासळी विकते. ताई कधी सुरतेच्या पुढे गेली नव्हती, म्हणून तिला पोचवायला मी जायचं ठरलं. मी मसोलीत राहतो, नोकरी तलासरीच्या एका कचेरीत. तिथे मी प्रवासाचा विषय काढला, हीच चूक झाली.

"स्लीपर? स्लीपरमध्ये आता माणूस चढत नाय, ढकलला जातो," शेजारच्या टेबलावरून आलं.

"थ्री एसी घ्या. नायतर ते नवीन, इकॉनॉमी. पण त्यात पाय मावत नाहीत."

"पाय तुझे मावत नाहीत. यांचे मावतील."

घरी बायकोचं तिसरंच. "एसीत खिडकी उघडत नाही, ताईंना मळमळेल." आणि पाच मिनिटांनी, "पण चिकूची पेटी एसीतच न्या हं. उकाड्यात लगदा होईल." तिनं घोलवडहून भाचीसाठी निवडून चिकू आणवले होते.

एका गाडीला इतके वर्ग कशाला हवेत, मला कळत नाही. कुठून कुठे जायचंय हे रेल्वेचं अ‍ॅप एकदा विचारतं आणि तुमची लायकी काय हे सहा वेळा. मी तीन दिवस तो मोबाइल उघडत होतो आणि चिडून बंद करत होतो. सगळ्यांना वाटलं, याला ठरवता येत नाही. माझं ठरलेलं होतं. नुसतं बोट दाबायचा धीर होत नव्हता.

कारण ताईचं गाठोडं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्याकडे मुशी, म्हणजे लहान शार्क मासा, खायला घालतात. जयपुरात ताजी मुशी कुठून येणार? म्हणून ताई सुकी नेणार होती, चांगली दोन किलो. सुक्या मुशीचा वास प्लॅस्टिकच्या चार पिशव्यांना जुमानत नाही. बंद काचांचा डबा, त्यात पडदे, त्यात पांढऱ्या चादरी, आणि मधोमध आम्ही दोघं भावंडं. कुणीतरी विचारणार, "मछली कौन लाया है?" आणि सगळे आमच्याकडे बघणार. मी त्याच वासात वाढलो. कॉलेजात असताना माझे शर्ट मी शेजाऱ्यांच्या दोरीवर वाळत घालायचो. आज पन्नाशी आली, तरी जवळच्या माणसानं नाक मुरडलं की मी आधी स्वतःची बाही हुंगतो.

थ्री एसीत सात जागा दिसत होत्या. मी एक काढली. ताईसाठी स्लीपर काढलं, ते आलं आरएसी. म्हणजे अख्खा बर्थ नाही. बाजूच्या एका बर्थवर दोघांनी बसून जायचं, कुणी तिकीट रद्द केलं तर आडवं व्हायचं.

तिला फोन केला. "ताई, माझं एसीत झालंय. तुझं आरएसीत."

"आरएसी? म्हंजे तुझ्यापेक्षा एक अक्षर जास्तीच की रे!"

मी हसलो. तिला तेवढं पुरलं. दोन दिवसांनी डहाणूच्या बाजारात तिच्या शेजारी बसणारी मासेवाली मला मोठ्यानं म्हणाली, "काय, बहिणीला मोठ्या एसीनं नेतोस म्हणे? आमाला पण ने कवातरी!" मी म्हणालो, "बघू."

गाडी दुपारची, वापीहून. वापीपर्यंत आम्ही शटलनं गेलो. घोलवड सोडलं तशी ताईशेजारची बाई नाकाला पदर लावून उठली आणि पलीकडे जाऊन बसली. ताई खूश. "बघ, जागा झाली. पाय पसर." मी उंबरगाव येईपर्यंत दाराकडे बघत राहिलो.

वापीला तिला तिच्या डब्यात चढवलं. तिनं वर पंख्याकडे बघितलं, उघड्या खिडकीकडे बघितलं.

"एसी कुठाय रे?"

"थोड्या वेळानं चालू होतो," मी म्हणालो.

हे असलं मी माझ्या तोंडानं बोललो. तिचं गाठोडं सीटखाली सरकवलं, चिकूची पेटी उचलली आणि माझ्या डब्यात आलो. चिकू एसीत, बहीण पंख्याखाली.

वलसाडनंतर टीसी आला. माझ्या समोरच्या बर्थवर पेन टेकवून म्हणाला, "ये जयपुर तक खाली है. साथ में कोई है क्या?" स्लीपरचं तिकीट फरक भरून एसीत करून घेता येतं, हे मला ठाऊक होतं. पैसेही खिशात होते.

"अकेला हूँ," मी म्हणालो.

त्यानं खूण केली आणि पुढे गेला.

बडोद्याला गाडी जरा थांबते, म्हणून फलाटावरून तिच्या खिडकीशी गेलो. तिच्या बर्थवर दुसरी एक म्हातारी पाय लांब करून झोपली होती आणि ताई गुडघे छातीशी घेऊन कोपऱ्यात बसली होती.

"त्यांना उठव ना. अर्धी जागा तुझी आहे."

"राहू दे. त्यांचे गुडघे दुखतात." मग तिनं अंगावरची शाल काढली आणि खिडकीच्या गजांतून माझ्या हातात कोंबली. "घे. तुझ्याकडे गारठा असंल. माझ्याकडे अजून चालू झाला नाय."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. गिऱ्हाईक थापा मारत असलं की ती असाच चेहरा करते, काही न कळल्यासारखा. एसीत ब्लँकेट मिळतं, एवढं तरी सांगावं. तेही सांगितलं नाही. शाल घेऊन आलो आणि समोरच्या रिकाम्या बर्थवर ठेवली.

सकाळी जयपूरला उतरली तेव्हा तिचे पाय इतके सुजले होते की चपला चढेनात. त्या हातात घेऊन ती फलाटावरून चालली. घरी भाचीनं विचारलं, "आई, प्रवास कसा झाला?"

"एसीनं आले," ताई म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

चिकू कडकच राहिले होते, कुणी तोंडात घातले नाहीत. मुशी मात्र भाचीनं महिनाभर पुरवून खाल्ली. मी दुसऱ्या दिवशी परत निघालो. ताईला पुढे जावयानं आणून सोडलं.

आता नातवाचं जावळ आहे. गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. "तिकीट काढशील ना? माझं आरएसीच काढ. तू एसीत बस, भाऊ. तुला वास सोसत नाय."

एवढंच. आवाजात राग असता तर मला भांडता तरी आलं असतं.

या खेपेला कुणाला न विचारता थ्री एसीची दोन तिकिटं काढली आहेत, समोरासमोरची. ताईला कळवलं तर म्हणाली, "म्हंजे या वेळी जागा होती वाटतं?" मी "हो" म्हणालो आणि फोन ठेवला. स्वतःचाच इतका वैताग आला की जेवलो नाही.

जागा त्याही वेळी होती. मला विचारलं होतं आणि मी "अकेला" म्हणालो. तिच्या तोंडावर हे सांगणं मी ताईचं देणं लागतो, आणि ते अजून बाकी आहे.