उपवासात सोडलेली गोळी

लिओना थीलनला खोटं बोलता येत नाही, असं तिचा नवरा अर्बन लग्नापासून सांगत आलाय. पण अर्बनचं सगळं आयुष्य गायींचं दूध काढण्यात गेलं, आणि गायी खोटं बोलत नाहीत. तेव्हा त्याचा अनुभव कितीसा धरायचा?

लिओना खोटं बोलली. एकदा नाही, अख्खा हिवाळा बोलली.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिचे खांदे आणि मांड्या लाकडासारख्या आखडल्या. कोटाच्या बाहीत हात घालायला अर्बनला हाक मारावी लागे. महिन्याभरात तिची पत्त्यांतली भिडू रोझेला क्लापाके, तिचंही तेच. आमच्या मिनेसोटातल्या म्हाताऱ्यांना हे दुखणं धरतं, त्यात नवल नाही, पण त्यांच्याच पत्त्यांच्या टेबलावरची ॲग्नेस म्हणाली, "पानं वाटून घेतात तसं या दोघींनी दुखणंसुद्धा वाटून घेतलं." डॉक्टरीणबाईंनी दोघींना स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत दोघी टुणटुणीत झाल्या.

मग सुरू झालं उतरणं. औषध हळूहळू कमी करायचं, शेवटी शेवटी तर महिन्याला एकच मिलिग्रॅम. पाचापर्यंत दोघी हसत आल्या. चारावर गेल्याबरोबर लिओना अडकली. खुर्चीतून उठायचं तर टेबलाला मिठी मारावी लागे, आणि दुपारी अशी गळून जाई की भांडी तशीच सिंकमध्ये पडून राहत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "त्रास झाला तर फोन करा. थांबू, लागलं तर एक पायरी वर जाऊ. त्यात कमीपणा नाही." पण तोवर लिओना रविवारच्या कॉफीला चर्चभर सांगून बसली होती की मी चारावर आले, आणि फादर आलॉइसनी सगळ्यांसमोर तिचं कौतुकही केलं होतं. आता मागे कसं जायचं? तिनं पिठाच्या डब्यामागची जुनी बाटली काढली आणि रोज दोन गोळ्या जास्तीच्या घ्यायला लागली. पोटात सहा, तोंडानं सांगायला चार. जानेवारीत तोंडातले तीन झाले, फेब्रुवारीत दोन. पोटातले सहा जागचे हलले नाहीत.

"दोन?" रोझेला पत्ते पिसता पिसता म्हणायची. "मी पाचावरच कण्हतेय. तू कसं गं करतेस?"

"मनावर घ्यायचं," लिओना म्हणायची, आणि स्वतःचीच पानं निरखत बसायची.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागायच्या आदल्या दुपारी पत्त्यांच्या टेबलावर विषय निघाला, या वर्षी कोण काय सोडणार. ॲग्नेस चॉकलेट सोडणार होती. ती दरवर्षी सोडते आणि दरवर्षी तिच्या पर्समध्ये सापडतं. लिओनाच्या जिभेला चेव चढला. "मी गोळीच सोडतेय. उद्यापासून शून्य."

"बघा!" ॲग्नेस म्हणाली. "फादरना सांगते, वेदीशेजारी एक कोनाडा मोकळा ठेवा, हिची मूर्ती बसवायचीय."

सगळ्या हसल्या. रोझेला हसली नाही, हे लिओनाला नंतर आठवलं.

उपवासकाळातल्या दर शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांची पंगत असते. पहिल्याच शुक्रवारी, कोबीच्या कोशिंबिरीच्या पातेल्यावर वाकून रोझेला कुजबुजली, "मीही सोडली. राखेच्या बुधवारी, उपवास लागला त्याच दिवशी. घरी सिल्व्हेस्टरलासुद्धा सांगितलं नाही. उपवास गुपचूप करावा म्हणतात ना."

लिओनाच्या हातातला वाढायचा डाव थांबला. "पाचावरून? एकदम?"

"तू नाही का सोडलीस?"

"मी दोनावर होते."

"मग? तुझ्याच्यानं होतं ते माझ्याच्यानं होणार नाही? माझी माहेरची हाडं तुझ्यापेक्षा दणकट आहेत."

तिथं तोंड उघडायला हवं होतं. लिओनानं कोशिंबीर वाढली.

दुसऱ्या शुक्रवारी रोझेलाचा चेहरा टेबलावरच्या पांढऱ्या कागदासारखा झाला होता. "सकाळी उलटी होते. उभं राहिलं की अंधारी येते. आणि नुसतं मीठ चाटत बसावंसं वाटतं. तुला झालं होतं?"

"झालं होतं," लिओना म्हणाली. "जाईल."

शनिवारी ती फादरपुढं पापनिवेदनाला गेली. अर्बनवर ओरडले, ॲग्नेसची चहाडी केली, रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेत डुलकी काढली, सगळं सांगितलं. तेवढं एक सोडून. फादरनी तीन 'नमो मरिया' प्रार्थना म्हणायला सांगितल्या. तिनं सहा म्हटल्या. तो आकडा तिच्या सवयीचा झाला होता.

तिसऱ्या शुक्रवारी रोझेला पातेल्याशेजारीच कोसळली. अंग गार, घामानं ओलं. रुग्णवाहिकेतली मुलगी गुडघ्यांवर बसून विचारू लागली, "कुठली औषधं घेतात या?"

"घेते की नेमानं," तिचा नवरा सिल्व्हेस्टर म्हणाला. "एकही गोळी चुकवत नाही ती."

लिओना डाव धरून उभी होती. खरं सांगावं तर सगळंच सांगावं लागणार होतं. ती किती वेळ गप्प राहिली? ॲग्नेस म्हणते, पाच सेकंद. लिओना म्हणते, पुरी मिस्सा.

"तिनं स्टेरॉइड सोडलंय," ती म्हणाली. "सोळा दिवस झाले. माझं ऐकून. आणि मी तर सोडलंच नव्हतं."

ऐंशी माणसं ताटात काटे तसेच ठेवून बघत राहिली. त्या मुलीनं मात्र मान वर केली नाही. तिनं पेटीतून इंजेक्शन काढलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, की वर्षानुवर्षं गोळी घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरतं. ते हळूहळू आठवू द्यावं लागतं, एकदम सोडलं तर माणूस जातो. वेळेवर कळलं म्हणून वाचल्या.

'वेळेवर' हा शब्द लिओनाला फार लागला. दोन शुक्रवार तिच्या हातात होते.

चौथ्या दिवशी ती इस्पितळात गेली. रोझेला उशीला टेकून बसली होती.

"मी उपाशी आणि तू जेवत होतीस," रोझेला म्हणाली.

"हो."

"ते असू दे. बढाया आपण सगळेच मारतो. मला एवढंच सांग, उलट्या होतायत म्हटलं तेव्हा 'जाईल' का म्हणालीस?"

लिओनानं हातातली टोपी दोनदा उलटी-सुलटी केली. "गोळी घे म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, तू घेतेस का म्हणून."

रोझेलानं पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाली, "माझी बहीण असतीस तर थोबाडीत दिली असती. डॉक्टरीणबाईंकडे कधी जाणार आहेस?"

"मंगळवारी."

"मला इथून सोडतात का बघते. खुर्चीत बसून ऐकणार आहे."

आणि ती आली, सिल्व्हेस्टरचा हात धरून. "आता किती घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. लिओनानं रोझेलाकडे पाहिलं. रोझेला भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. "सहा," लिओना म्हणाली, आणि पर्समधली जुनी बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच तिला जड गेलं. त्यांनी नव्यानं लिहून दिलं. आता अर्ध्या-अर्ध्या मिलिग्रॅमनं उतरायचं, आणि तेही दर दोन महिन्यांनी. ताप किंवा उलट्या झाल्या तर लगेच फोन करायचा. आणि हातात एक कडं घालायचं, त्यावर औषधाचं नाव, म्हणजे विचारायची वेळ आली तर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

पत्त्यांना रोझेला आता ॲग्नेसची भिडू आहे. लिओनानं त्यावर एक शब्द काढलेला नाही. तिला वाटतं, एवढी शिक्षा तरी आपल्याला मिळालीच पाहिजे.

पण रोज सकाळी सातला थीलनांच्या घरी फोन वाजतो. अर्बन उचलायला गेला तर लिओना त्याला हातानं बाजूला करते. पलीकडून रामराम नाही, हवापाण्याची चौकशी नाही.

"किती?"

"साडेपाच."

"दुखतंय?"

"दुखतंय," लिओना म्हणते. "फार दुखतंय."

"माझंही," असं म्हणून रोझेला फोन ठेवते.