उदाची दाद

सकाळी मनगटावर उदाचं अत्तर लावलं. आधी विझत्या लाकडाचा धूर जाणवतो, मग हळूहळू वखारीतल्या ताज्या कापलेल्या लाकडाचा ऊबदार वास उरतो. ऊद म्हटलं की लोक बिचकतात, पण हा उग्र नाही. शेजारी येऊन गुपचूप बसणाऱ्या माणसासारखा आहे.

रोज मी मनगट नवऱ्यापुढे धरायचे. तो वास घेऊन म्हणायचा, "छान. आज धूर जरा जास्त आहे." तेवढ्यावर माझा दिवस बरा जायचा.

परवा दूध करपलं. मी बाल्कनीतून धावत आले, तर तो ओट्याशेजारीच पेपर वाचत बसलेला.

"अरे, वास नाही आला तुला?"

त्याने पेपर खाली ठेवला. "मागच्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"मग धूर जास्त आहे म्हणायचास ते?"

"तूच एकदा म्हणाली होतीस."

आजारपण मी समजून घेतलं असतं. पण इतके महिने माझेच शब्द मला दाद म्हणून परत मिळत होते आणि मी त्यावर खूश होत होते. फसवणूक प्रेमापोटी झालेली असली की धड भांडताही येत नाही. ती नुसती आत धुमसत राहते.

आज निघताना त्याने चाचरत विचारलं, "अत्तर लावलंयस?"

"नाही," मी म्हटलं.

खोलीभर ऊद दरवळत होता. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.