तिघांपैकी दोघं

कतारमधल्या दुखानच्या कंपनी कॉलनीत राजाभाऊ गायधनींचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं: "एकाच्या सांगण्यावरून मी पंखासुद्धा बंद करत नाही."

हे ते फुशारकी म्हणून सांगत नसत. त्यांचं कामच तसं होतं. नाशिकहून आलेला हा इंजिनिअर वीसेक वर्षं गॅस प्लांटमधली मोजमापाची यंत्रं सांभाळत होता. तिथे मोठ्या टाकीतला दाब मोजायला एक नाही, तीन यंत्रं बसवतात. एकानं धोका दाखवला तर तेच बिघडलं असण्याची शक्यता असते. दोघांनी दाखवला, की प्लांट आपोआप थांबतो. तिघांपैकी दोघं. या नियमावर प्लांट चालत होता आणि हळूहळू राजाभाऊंचं घरही चालायला लागलं होतं. मिक्सर घ्यायचा तर तीन घरी फोन जायचे. ईश्वरीच्या चष्म्याचा नंबर तीन डॉक्टरांकडून काढून झाला होता.

"आणि माझ्या वेळी कुणाकुणाला विचारलं होतंत?" त्यांची बायको मालविका कधीतरी चारचौघांत विचारायची.

"आईला, मामाला आणि तुला."

"मग मी काय म्हणाले होते?"

"तू काहीच बोलली नव्हतीस. पण दोघांचं 'हो' आलं होतं."

हा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला. ईश्वरी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. डीव्हीडीनंतर जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्क बाजारात आल्या होत्या आणि त्यांच्यात दोन जाती होत्या: एक ब्लू-रे, दुसरी एचडी डीव्हीडी. एकीची डिस्क दुसरीच्या प्लेअरमध्ये चालायची नाही. दोन्हीकडच्या कंपन्या हट्टाला पेटल्या होत्या, आणि शहाणी माणसं कोण हरतंय याची वाट बघत थांबली होती. राजाभाऊ थांबले नाहीत. दोह्यातल्या एका दुकानदाराच्या शब्दावर त्यांनी एचडी डीव्हीडीचा प्लेअर उचलला, वर डझनभर डिस्कही घेतल्या. काही महिन्यांतच ती जात बंद पडली. तिच्या डिस्कची वेष्टणं लाल असायची. त्या दिवसापासून त्यांचे मित्र गोविंदराव भेटले की विचारायचे, "काय राजाभाऊ, तुमचा लाल डबा अजून आगारातच का?" आपल्याकडच्या एसटीची आठवण काढून सगळे हसायचे. राजाभाऊही हसायचे. पण त्यानंतर त्यांनी एकाच्या शब्दावर काही घेतलं नाही.

पुढे रीतसर तिघांना विचारून ब्लू-रे प्लेअर आला आणि घरात शुक्रवारचा पायंडा पडला. शुक्रवार सुट्टीचा. सकाळी नाश्ता झाला की पडदे ओढायचे आणि बापलेकीनं एक डिस्क लावायची. बहुतेक वेळा समुद्राखालची नाहीतर जंगलातली. सिनेमा सलग असा कधी बघितला जात नसे. ईश्वरी "पॉज!" म्हणून ओरडायची, राजाभाऊ बटण दाबायचे, आणि मग पडद्यावर थांबलेल्या माशावर दोघांची चर्चा चालायची. ते मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. शाळेपासूनची ती सवय होती आणि तिच्यावरून आता घरात कुणी भांडत नव्हतं. मालविका पोह्यांच्या बशा ठेवून जायची, परत यायची, तर पडद्यावर तोच मासा असायचा.

बाकी आठवडाभर राजाभाऊ मुलीशी जेवायच्या वेळेपुरतं बोलायचे. ते तिला रागवत नसत, लाडही करत नसत. त्यांना सुचायचंच नाही. जे काही बोलणं होतं ते शुक्रवारी, अंधारात, दोघांची तोंडं टीव्हीकडे असताना.

२०१८च्या मार्चमध्ये तो ब्लू-रे प्लेअर गेला. ट्रे बाहेर यायचा बंद झाला, मग दिवाही लागेना. ईश्वरीची बारावीची परीक्षा चालू होती, म्हणून पहिले काही शुक्रवार कुणाला जाणवले नाहीत. परीक्षा संपली, कॅनडातल्या हॅलिफॅक्सला समुद्रजीवशास्त्रासाठी तिचा प्रवेश पक्का झाला, ऑगस्टअखेरचं तिकीट निघालं, तरी टीव्हीखालचा कप्पा रिकामाच. ईश्वरी शुक्रवारी उशिरापर्यंत झोपायला लागली. उठली की फोन घेऊन खोलीत. राजाभाऊ बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर.

कारण बाजारात पुन्हा दोन जाती झाल्या होत्या. आता ब्लू-रेहूनही स्पष्ट चित्राचं फोर-के आलं होतं. डिस्क सगळीकडे एकच, पण तिच्यातला रंग आणि उजेड कसा दाखवायचा याचे दोन पंथ: एक डॉल्बी व्हिजनवाल्यांचा, दुसरा एचडीआर टेन प्लसवाल्यांचा. काही प्लेअर या पंथाचे, काही त्या. राजाभाऊंनी तीन यंत्रं लावली. पहिलं, अल अझीझियाजवळच्या मॉलमधला विक्रेता जाफर. दुसरं, गोविंदराव, ज्यांना नवीन यंत्रांचा शौक होता. तिसरं, इंटरनेटवर लिहिणारा बर्मिंगहॅमचा कुणी गृहस्थ, ज्याचं खरं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण ज्याची प्रत्येक ओळ ते वाचत.

मालविका बघत होती. तिला डॉल्बीशी देणंघेणं नव्हतं. तिला एप्रिल गेलेला दिसत होता, मग मे. मुलगी थंडीत काय घालेल, काय खाईल, आजारी पडली तर कुणाला सांगेल, या काळज्या तिच्या तिनं आपल्यापुरत्या वाटून ठेवल्या होत्या. स्वेटरसाठी एक दिवस, औषधांसाठी एक दिवस. पण बापाशी बोलायची सवय मोडून मुलगी विमानात बसली, तर ती सवय तिकडून फोनवर लागणार नव्हती. त्यासाठी कुठलं सामान बांधायचं, हे तिला कळत नव्हतं.

"अहो, कुठलाही एक आणा ना," ती एकदा म्हणाली.

"कुठलाही एक आणला होता," राजाभाऊ म्हणाले. "त्याला अजून लोक लाल डबा म्हणतात."

ईद झाली. रशियातला फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला आणि पुढचा आपल्याकडेच म्हणून दोह्यातल्या दुकानांनी काचा झेंड्यांनी भरून टाकल्या. जूनमधल्या एका शनिवारी तिघं गाडीनं दोह्याला निघाली. रय्यानच्या नव्या स्टेडियमच्या क्रेन रस्त्यावरून दिसत होत्या. "बावीस साली इथे मॅच बघायला येऊ," राजाभाऊ म्हणाले. मागच्या सीटवर ईश्वरीच्या कानात इअरफोन होते.

जाफरच्या दुकानात एका भिंतीवर सगळे टीव्ही हिरवे, प्रत्येकावर तीच मॅच. जाफर मलबारचा. राजाभाऊंना तो बारा वर्षं ओळखत होता, म्हणून त्यांच्यासाठी स्टूल आधीच ओढून ठेवायचा.

"साब, ये लीजिए. डॉल्बीवाला. दो ही पीस बचे हैं. सऊदी ने सीमा बंद की, तब से माल ओमान से आता है, अगला कब आएगा, अल्लाह जाने."

"लेकिन दूसरा फॉर्मॅट जीत गया तो?"

"साब," जाफर शांतपणे म्हणाला, "आप मार्च से आ रहे हो. सोचने से पिक्चर साफ नहीं होता. ले जाओ, खलास."

राजाभाऊंनी प्लेअर हातात घेतला, मागची सगळी भोकं वाचली आणि काउंटरवर परत ठेवला. जाफरनं तो उचलून कपाटात ठेवला.

तिथून ती समुद्रात भर घालून वसवलेल्या द पर्लला गोविंदरावांकडे गेली. त्यांच्या सोळाव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात भिंतभर टीव्ही होता आणि खाली मरिनातल्या बोटी दिसत होत्या. त्यांच्या पत्नी विजयालक्ष्मींनी थालीपीठं केली होती.

"डिस्क?" गोविंदराव म्हणाले. "अहो राजाभाऊ, डिस्क विकत घेणारे आता जगात दोनच. एक तुम्ही आणि दुसरी म्युझियमं. सगळं हवेतून येतं आता."

"दुखानला हवेतून वाळू येते," राजाभाऊ म्हणाले. "नेट शुक्रवारी झोपतं. आणि मधेच थांबवलं की चित्र फुटतं."

"मग थांबवता कशाला? सिनेमा काय थांबवायला असतो?"

राजाभाऊंनी थालीपीठाचा तुकडा मोडला. ईश्वरी फोनवरून मान वर करून बापाकडे बघत होती, हे मालविकेनं पाहिलं. मग ईश्वरीनं परत मान खाली घातली.

"आणि घ्यायचाच असेल तर दोन्ही पंथ चालवणारा घ्या," गोविंदराव पुढे म्हणाले. "निघालाय म्हणतात. इथे कधी येईल ठाऊक नाही."

विजयालक्ष्मींनी मालविकेला आत बोलावलं. "ईश्वरी जाणार म्हणून तू एवढीशी झालीस गं," त्या म्हणाल्या. "आमचा कुणाल असाच शिकायला गेला तेव्हा ह्यांनी हा टीव्ही आणला. कोण बघतंय? मी खाली बोटी बघते."

परतीच्या वाटेवर शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना सपाट माळ सुरू झाला.

"मग, काय ठरलं?" मालविकेनं विचारलं.

"काय ठरणार? जाफर म्हणतो घ्या. गोविंदराव म्हणतात थांबा, नाहीतर घेऊच नका. बर्मिंगहॅमवाला म्हणतो दुसऱ्या पंथाचा घ्या. तिघं तीन दिशांना."

"प्लांटमध्ये असं झालं तर काय करता?"

"बंद. बंद पडणं कधीही सुरक्षित."

"बंदच आहे की मार्चपासून."

राजाभाऊंनी एका लॉरीला मागे टाकलं आणि आरशात पाहिलं.

"एक विचारू?" मालविका म्हणाली. लग्नापासून जेवणाच्या टेबलावर ती ही यंत्रं ऐकत आली होती. "टाकीवर तीन यंत्रं असतात ना तुमची? समजा, एक दाब मोजतंय, दुसरं तापमान आणि तिसरं आत तेल किती आहे ते. चालेल?"

"छे! मग मत कशाचं घेणार? तिघांनी एकच गोष्ट मोजायला हवी. पहिला धडा आहे तो."

"जाफर दुकानातला माल मोजतोय. गोविंदराव आपली हुशारी मोजताहेत. आणि तो बर्मिंगहॅमवाला पुढची दहा वर्षं मोजतोय. तुम्हाला हवंय ते कुणी मोजलं?"

"मला काय हवंय?"

मालविकेनं मागे पाहिलं. इअरफोन कानात होते, डोळे मिटलेले. तरी तिनं आवाज खाली आणला.

"ऑगस्टच्या शेवटी ती जाणार. तोवर दर शुक्रवारी चालेल का. इतकंच विचारायचं होतं ना?"

गाडीचा वेग कमी झाला. मागून कुणीतरी हॉर्न दिला. शहानियाच्या फाट्याशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मान वळवून म्हणाले, "ईश्वरी, कान मोकळे कर जरा."

तिनं एक इअरफोन काढला. "व्हॉट?"

"चुकीच्या पंथाचा प्लेअर घेतला तर आपल्या डिस्क चालतील?"

"बाबा, ऑफ कोर्स. रंग थोडे कमी दिसतील. दॅट्स ऑल. यू वोन्ट इव्हन नोटिस." आणि मग, "तुम्ही कराल नोटिस. मी नाही."

रंगांचं वाक्य मराठीत आलं होतं, शेवटचंही. राजाभाऊंनी त्याची दखल घेतली नाही. त्यांनी जाफरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"जाफरभाई, एक ही सवाल. वो प्लेअर ऑगस्ट तक चलेगा?"

पलीकडे दुकानातला गलका ऐकू आला, मग जाफरचा आवाज. "साब, दो साल का वॉरंटी है. आप ऑगस्ट पूछ रहे हो?"

"चलेगा या नहीं?"

"चलेगा, साब."

राजाभाऊंनी फोन ठेवला आणि गाडी दोह्याच्या दिशेनं वळवली.

"मला नाही विचारायचं?" मालविका म्हणाली.

"दोघांचं 'हो' आलंय."

मागच्या सीटवर ईश्वरी फिसकन हसली.

पुढच्याच शुक्रवारपासून पडदे पुन्हा ओढले जाऊ लागले. पहिल्या दिवशी राजाभाऊ अर्धा तास लाल रंगावर नाराज होते. प्रवाळ असं विटकं नसतं, म्हणाले. ईश्वरी म्हणाली, प्रवाळ मरतं तेव्हा असंच दिसतं. मग का मरतं यावर जे सुरू झालं ते जेवणापर्यंत चाललं. जुलैत कॉलनी रिकामी झाली, बहुतेक कुटुंबं सुट्टीला भारतात गेली. यंदा गायधनी गेले नाहीत. वर्ल्ड कपची फायनल झाली, रशियातला उत्सव संपला, दुकानांनी झेंडे उतरवले. डिस्कचा कप्पा मात्र एका टोकाकडून रिकामा होत गेला. बघून झालेल्या डिस्क ईश्वरी दुसऱ्या बाजूला लावत होती.

शेवटच्या शुक्रवारी हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या. मालविका थर्मलचे कपडे एका बॅगेतून दुसरीत आणि दुसरीतून पहिलीत हलवत होती. टीव्हीवर उत्तरेकडचा समुद्र होता, करडा, बर्फाचा. ईश्वरीनं एकदाही "पॉज" म्हटलं नाही. सिनेमा पहिल्यांदाच सलग संपला. नावं वर सरकत होती आणि दोघंही बसून होती.

"बाबा," ईश्वरीनं इंग्रजीतच विचारलं, "मी जन्मायच्या आधी तुम्ही शुक्रवारी काय करायचात?"

राजाभाऊंनी खरंच आठवून पाहिलं.

"गाडी धुवायचो," ते म्हणाले.

"दोन तास?"

"आत-बाहेर धुतली तर होतात दोन तास."

"आणि आई?"

"ती म्हणायची, किती धुता, रंग जाईल."

ईश्वरी हसली. मग तिनं उठून डिस्क काढली आणि बॅगेतल्या स्वेटरांकडे बघून आईला म्हणाली, "धिस इज टू मच, आई."

"असू दे," मालविका म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी ईश्वरी हॅलिफॅक्सला होती. पोचल्याचा मेसेज आला होता, खोलीचा फोटो आला होता, खिडकीबाहेर पाऊस. मालविकेनं सकाळी सवयीनं तिघांचे पोहे भिजवले. नऊच्या सुमारास, ऑगस्टचं ऊन भिंतीवर चढलेलं असताना, तिला अंगणातल्या नळाचा आवाज आला. मग बादलीचा. ती खिडकीशी गेली नाही. पोह्यांना फोडणी दिली आणि गॅस बारीक करून ठेवला. अजून बराच वेळ लागणार होता.