हळद्या बगळा

तामलवाडीजवळच्या आमच्या गावात बगळ्यांच्या दोन जाती मानत, पांढरा आणि हळद्या. पांढरा आपला, बारमाही. हळद्या उन्हाळ्यात कानडी मुलखातून येतो आणि दिवाळीच्या आत परत जातो, असं लोक ठासून सांगत. मी पहिल्यापासूनच भांडखोर. तळ्याच्या काठाला एक पांढरा बगळा असायचा, एका पायाचं बोट तुटलेला. चैत्र सरता सरता त्याच्या डोक्यावर पिवळं दिसू लागलं, मग छातीवर, मग पाठीवर. लंगडणं तेच. पक्षी एकच आहे, रंग बदलतो, हे मी घरोघर सांगत सुटले. सगळे हसले. फक्त माझी थोरली बहीण, अक्का, तळ्यावर येऊन नीट बघून म्हणाली, "खरं हाय गं तुझं. त्येला हळद लागलीया."

तिचीही हळद ठरली होती. सुपारी फुटली होती, पाऊस झाला की लग्न. पाऊस झालाच नाही. तळं आटलं, गुरं छावणीत गेली, बगळेही दिसेनासे झाले. आम्ही दोघी वडिलांसोबत दुष्काळी कामावर खडी फोडायला लागलो. वर्षभरात अक्का रापून काळी पडली, गालफडं बसली, केस तांबूस झाले. कामावर खायला सुकडी मिळायची, त्यातली निम्मी ती माझ्या ओटीत टाकायची. मला सगळं कळत होतं आणि मी खात होते.

शेवटी पावसाची वाट न बघता नवऱ्या मुलाचा मामा तारीख ठरवायला आला तो थेट कामावरच. अक्का डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. मामानं तिला खालवर बघितलं आणि वडिलांना विचारलं, "थोरली कुठं हाय?"

"हीच की."

"फसवता व्हय पाव्हणं? आमी बघितल्याली पोरगी उजळ व्हती. ही ती न्हाय."

वडील शपथा घेत राहिले. तो मेला खरंच चुकला की त्यानं सोंग केलं, मला आजवर कळलेलं नाही. एका पक्ष्यासाठी गावभर भांडणारी मी तिथं खडीकडं बघत गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते. मामा गेला. अक्कानं खाली बसून हातोडा उचलला.

पुढं पाऊस आला, तळं भरलं. गावात दूध सोसायटी निघाली, म्हशींच्या मागं बगळे परतले. अक्काचं अंग भरलं, रंग पुन्हा उजळला. सोसायटीत ती दूध मापायची तेव्हा बाया तिच्या तोंडाकडं बघत राहायच्या. पण त्या मुलाचं लग्न केव्हाच झालं होतं, आणि सुपारी मोडलेल्या मुलीला दुसरं स्थळ आलं नाही.

एकदा दिवाळीच्या तोंडावर दूध घालायला आलेले एक म्हातारबुवा तळ्यावरच्या पांढऱ्या बगळ्यांकडं बघून म्हणाले, "हळद्या गेला वाटतं कानडी मुलखात."

मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात मापावरची नजर न काढता अक्का म्हणाली, "गेला आसंल, बाबा."

माझं खरं मानणारी गावात ती एकटीच होती.