माठाखालची पत्रं

आमच्या शेजारच्या डॉक्टरसाहेबांकडे रोज टपाल येतं आणि रोज टपाल जातं. ज्या घरात एवढी पत्रं ये-जा करतात, तिथे किस्से आपोआप साठत जातात, खिडकीच्या गजांवर धुरळा साठतो तसे. वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. बाईंनी प्रश्न विचारला की मी फळ्याकडे बघत उभी राहते. पण मधल्या सुट्टीत मैत्रिणी लिंबाखाली डबे उघडतात आणि विचारतात, "आज डॉक्टरसाहेबांकडं काय झालं गं?" तेव्हा मात्र मला बोलता येतं. हे लिहून काढ असं त्यांनीच सांगितलं, म्हणून लिहिते.

डॉक्टरसाहेब औषध देणारे नव्हेत, रसायनशास्त्राचे. विलायतेत शिकले, हैदराबादेत शिकवलं, आणि नोकरी संपल्यावर थोरल्या बहिणीजवळ भूमला येऊन राहिले. या बहिणीला सगळी गल्ली आपा म्हणते. अणुबॉम्बच्या चाचण्या थांबाव्यात म्हणून डॉक्टरसाहेब देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना पत्रं लिहितात, सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत. त्यांचं शिक्षण उर्दूत आणि इंग्रजीत झालेलं. आता कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला. मराठी ते छान बोलतात, पण लिहिताना हात अडखळतो. म्हणून त्यांची मराठी पत्रं मी लिहिते. माझं अक्षर बरं आहे. ते मला मुन्शीबाई म्हणतात.

सगळ्या टपालात एक पत्र वेगळं. ते दर आठवड्याला विलायतेहून यायचं, घडी घालून चिकटवायच्या निळ्या एअर लेटरवर. लिहिणारे आर्थरसाहेब. दोघांनी तरुणपणी एकाच टेबलावर प्रयोग केलेले. आर्थरसाहेब आता बॉम्ब बनवणाऱ्या खात्यात आहेत. चाचण्यांविरुद्धच्या पत्रकावर त्यांची सही मिळावी असं डॉक्टरसाहेबांना फार वाटायचं. पण एकदा ते मला म्हणाले, "सही मिळो न मिळो, मुन्शीबाई. आपा सोडली तर मला तरुण असताना पाहिलेला हा एकच माणूस उरलाय. तो सुटायला नको."

*

मी लिहिलेलं पहिलं मराठी पत्र एका कचेरीला गेलं. समुद्रापार झालेल्या अणुस्फोटाचा जनतेच्या वतीने निषेध नोंदवावा, अशी त्यात विनंती होती. उत्तर येणार नाही असं बाबा म्हणाले. पण आलं, गोल शिक्क्यासकट.

"सदर स्फोट या तालुक्याच्या हद्दीत झालेला नाही. तरी अर्जदाराने संबंधित तालुक्याकडे अर्ज करावा."

मला वाटलं, डॉक्टरसाहेब चिडतील. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि आपाला हाक मारली.

"आपा, खरं लिहिलंय यांनी. हद्दीत झाला असता तर उत्तर लिहायला कारकून कुठला राहिला असता?"

*

डॉक्टरसाहेब आपली शाई स्वतः तयार करतात. रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने बाजारची शाई घ्यावी हे त्यांना पटत नाही. रंग सुरेख, मोरपिशी. पण पाण्याचा थेंब पडला की अक्षर पळून जातं.

एका पावसाळी दिवशी निवृत्ती पोस्टमन ओट्यावर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात डॉक्टरसाहेबांनीच आदल्या दिवशी दिलेली पाकिटं होती.

"डॉक्टरसाब, पाकिटं लई देखनी झाल्यात. सगळी निळी. आता ही कुनाला टाकू तेवढं सांगा."

त्या दिवसापासून पत्ते माझ्याकडे आले. मी ते माझ्या शाळेच्या दौतीतल्या काळ्या पक्क्या शाईने लिहिते. जाणारं टपाल ओट्यावर दगडाखाली ठेवलेलं असतं, निवृत्ती येऊन घेऊन जातो. आर्थरसाहेबांचा पत्ता तर मला पाठ झाला. कोऱ्या एअर लेटरचा गठ्ठा आला की मी आधीच सगळ्यांवर तो लिहून ठेवते.

आतला मजकूर मात्र डॉक्टरसाहेबांच्याच शाईत. "पाकिटाच्या आत कुठं पाऊस पडतो?" असं त्यांचं म्हणणं.

*

आता माठाबद्दल सांगायला हवं.

शांततेसाठी पत्रं लिहिणारा माणूस स्वतः शांत असतो असं मला वाटायचं. तसं नाही. डॉक्टरसाहेबांना राग फार लवकर येतो आणि तो पत्रात उतरतो. म्हणून आपाने एक रीत घालून दिली आहे. रागाचं पत्र त्या दिवशी पाठवायचं नाही. नुसती घडी घालायची, चिकटवायचं नाही, आणि माठाच्या तिवईखाली फरशीवर रात्रभर ठेवायचं. सकाळी पुन्हा वाचायचं. तरीही पाठवावंसं वाटलं तर पाठवायचं. बहुतेक पत्रं सकाळी चुलीत जातात.

तो माठ फार जुना होता. त्याचं पाझरणं कधीच बंद झालेलं, त्यामुळे पाणी गार होत नसे. डॉक्टरसाहेब म्हणायचे, "आपा, नवा माठ आण. याची छिद्रं बुजलीत, हा नुसता शोभेला आहे."

आपा म्हणायची, "पानी गार न्हाय होत तर न्हाय होऊ दे भय्या. तुझी खतं तर गार व्हतात ना?" पत्राला ती खत म्हणते.

*

ही रीत गल्लीभर झाली. एकदा पलीकडच्या आळीतले भगवानकाका माझ्याकडे पत्र लिहून घ्यायला आले. त्यांचा धाकटा भाऊ तामलवाडीला सासऱ्याच्या शेतावर राहायला गेला होता आणि इकडच्या बांधावरून दोघांत बोलणं बंद झालं होतं. काका सांगत होते, मी लिहीत होते. काही शब्द लिहिताना माझे कान तापले. शेवटी मी म्हटलं, "काका, हे माठाखाली ठेवू या का?"

"ठेव की. मी काय भितो का काय माठाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आले. मी पत्र वाचून दाखवलं. काका जरा वेळ टोपी कुरवाळत बसले.

"ह्यात एक राहिलं बघ पोरी. सुट्टीत पोरास्नी हिकडं धाडून दे म्हनावं."

मी खाली तेवढी ओळ लिहिली.

"आता वरचं सगळं खोड."

*

आपाला लिहिता-वाचता येत नाही, पण आर्थरसाहेबांना तिचाही निरोप असायचाच. ती त्यांना आर्थरमियाँ म्हणते. एकदा तिने लिंबाच्या लोणच्याची कृती कळवली आणि शेवटी सांगितलं, "बरणी महिनाभर उन्हात ठेवा."

त्यांचं उत्तर आलं, "आपांना सांग, बरणी तयार आहे. त्या महिन्याची वाट बघतो आहे."

आपा दोन दिवस हळहळत होती. "कसल्या मुलखात राहतो बिचारा. त्याला बॉम्बच सुचनार, दुसरं काय सुचंल?"

*

आणि मग या उन्हाळ्यात ते पत्र आलं.

आर्थरसाहेबांनी सहीला साफ नकार दिला होता. वर असंही लिहिलं होतं की दूर खेड्यात बसून उपदेश करणं सोपं असतं. डॉक्टरसाहेबांनी गठ्ठ्यातलं एक एअर लेटर ओढलं आणि एका बैठकीत भरून काढलं. त्यात काय आहे ते मला त्यांनी नंतर सांगितलं. तुझ्या हाताला लागलेलं धुऊन निघणार नाही, आणि यापुढे मला पत्र लिहू नकोस. घडी घालून ते त्यांनी स्वतःच माठाखाली ठेवलं.

सकाळी मी गेले तेव्हा ते सगळीकडे शोधत होते.

"आपा, इथलं पत्र कुठं आहे?"

"ते व्हय? माठ तडकला रात्री. सगळं पानी खाली. तुझं खत चिंब भिजलं होतं भय्या. म्या वट्यावर उन्हात वाळत घातलं."

"ओट्यावर कुठं?"

"तिथंच, बाकीच्या खतांजवळ. उडू नये म्हनून वर दगड ठेवला."

ओट्यावर दगड होता, पत्र नव्हतं. निवृत्ती नेहमीप्रमाणे येऊन दगडाखालचं सगळं टपाल घेऊन गेला होता.

"पण ते चिकटवलेलंच नव्हतं," डॉक्टरसाहेब म्हणाले. आणि मग स्वतःच खाली बसले. एअर लेटरच्या कडेला डिंक असतो. तो भिजला, उन्हात वाळला, आणि पत्र आपोआप बंद झालं. वर पत्ता माझ्या पक्क्या शाईतला. तिकीट छापलेलंच. त्याला काहीच कमी नव्हतं.

मी आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यातून पळत गेले. निवृत्ती टपालखान्यात हात-पाय धूत होता.

"बार्शीच्या गाडीत गेली की थैली. का गं बाई, काय झालं?"

मी धापा टाकत त्याला सगळं सांगितलं.

*

डॉक्टरसाहेब तार करायला निघाले होते. पत्र येईल ते वाचू नकोस, एवढीच. आपाने त्यांना दारातच अडवलं.

"नको वाचू म्हनलं की मानूस आधी तेच वाचतो भय्या."

ते परत फिरले.

पुढच्या आठवड्यात निळं पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डॉक्टरसाहेबांनी लिहिणं थांबवलं. मी जायची, पाटावर बसायची, ते म्हणायचे, "आज काही नाही, मुन्शीबाई." आपाने नवा माठ आणला, तडकलेल्यात परसात पुदिना लावला. नव्या माठाचं पाणी छान गार होतं, पण ती ते पीत नव्हती. ती एकटी असताना मला म्हणाली, "फरशीवरचं पानी निळं निळं होतं गं. मला वाटलं, कागदाचाच रंग उतरला." निवृत्ती आमच्या गल्लीत सायकलवरून उतरून हातात धरून न्यायचा, घंटी न वाजवता. मधल्या सुट्टीत मैत्रिणी काही न विचारता डबे उघडायच्या.

*

शेवटी एका सकाळी घंटी ऐकू आली. निवृत्ती गल्लीच्या तोंडापासून ती वाजवत आला. त्याने निळं पत्र हातात उंच धरलं होतं.

डॉक्टरसाहेबांनी ते उघडायला फार वेळ लावला. मग आम्हा सगळ्यांसाठी मराठीत सांगत सांगत वाचू लागले.

"तुझं पत्र मिळालं. वरचं प्रिय आर्थर आणि खालचं तुझं नाव, एवढंच वाचता आलं. मधली सगळी शाई तुझ्या आसवांनी वाहून गेली आहे. इतक्या वर्षांत मी तुला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते पान मी बरेच दिवस टेबलावर ठेवलं, म्हणून उत्तराला उशीर झाला. मी काय लिहून बसलो होतो ते मला माहीत आहे, मला क्षमा कर. पत्रक पाठव, सही करतो. आपांना सलाम."

निवृत्ती ओट्यावर टेकला आणि त्याने टोपीने तोंड पुसलं. आपाने नव्या माठातलं पाणी काढलं, त्याला दिलं, आणि मग ती स्वतः तांब्याभर प्यायली.

डॉक्टरसाहेबांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. पत्रकाचं पाकीट वेगळं केलं. मग एअर लेटरवर खरं काय ते सगळं लिहिलं. ती आसवं नव्हती, माठ तडकला होता, आणि त्या पत्रात काय काय होतं. आम्हाला वाचूनही दाखवलं.

"खोट्यावर दोस्ती कशी ठेवू?" ते म्हणाले.

आपा म्हणाली, "ठेवू नको. पन रातभर तिवईखाली तर ठेव."

"हे रागाचं पत्र नाही, आपा."

"रीत ती रीत."

त्यांनी पत्राची घडी घातली आणि तिवईखाली फरशीवर ठेवलं. आपाने नवा माठ उचलून कोपऱ्यात नेला. मग परसात गेली. नुकताच धरलेला पुदिना तिने मुळासकट काढून बाजूला ठेवला, माती ओतून टाकली, आणि तडकलेला माठ धुऊन आणून तिवईवर बसवला.

डॉक्टरसाहेब दारात उभे राहून सगळं बघत होते. ते आत गेले, आणि पाण्याने भरलेली कळशी आणून त्यांनी तिच्या हातात दिली.