अळणी डब्याची तक्रार

हिमानीचं एक ठरलेलं असतं. काम मिळालं की ती आधी खुर्ची मागते. टेबल नको, एसी नको, मीटिंग तर नकोच नको. जिथे लोक काम करतात तिथल्या कोपऱ्यात एक खुर्ची टाका अन् मला विसरून जा, म्हणते. पुण्याच्या कंपनीत होती तेव्हा सॉफ्टवेअर वापरणारा माणूस दिसतो कसा, हे तिला कधी कळलंच नाही. शेवटी वैतागून नागपूरला परत आली आणि प्रताप नगरातल्या घराच्या वरच्या खोलीत बसून लहानसहान धंद्यांसाठी ॲप बनवू लागली. सकाळी वापरायला द्यायचं, दुपारी बोलणी खायची, रात्रीतून दुरुस्त करून दुसऱ्या सकाळी परत हजर. या रीतीचा तिला गर्वही आहे. असू द्या की, पोरगी कामाची आहे.

कुसुमताईंचं डब्यांचं स्वयंपाकघर तिच्याच गल्लीत. नवऱ्याच्या आजारपणात त्यांचा हात पथ्याच्या रांधण्यावर बसला. नवरा गेला, हात तसाच राहिला आणि त्याचा धंदा झाला. शुगरवाले, बीपीवाले, एकटे राहणारे म्हातारे, सगळ्यांचे डबे इथून जातात. त्यातलेच मनोहरराव, निवृत्त हेडमास्तर. किडनी अधू, म्हणून जेवण अळणी. जेवून झालं की रोज त्यांचा फोन यायचा. "आजही मीठ नाही. हे जेवण आहे की शिक्षा?" कुसुमताई हसून ऐकून घ्यायच्या.

एक दिवस फोन आला आणि मनोहरराव म्हणाले, "वा कुसुमताई, आज जेवण झकास झालं."

कुसुमताईंनी तडक चौकशी केली. अळणी डबा शेजारच्यांकडे गेला होता आणि मिठाचा यांच्याकडे. चूक साधीच होती. डबे भरणारी दामिनी फळीवर रिकामे डबे रांगेनं मांडते आणि कितवा कोणाचा हे पाठ धरून रांगेप्रमाणे भरत जाते. कोणीतरी ऐनवेळी 'आज डबा नको' म्हणून कळवलं, तो डबा उचलला गेला, आणि पुढची सगळी रांग एकेक घर सरकली. डॉक्टर रागावले, बाकी निभावलं. पण कुसुमताईंनी हिमानीला बोलावून रोखठोक सांगितलं, "पुन्हा असं झालं ना पोरी, तर पथ्याचे डबे बंद. मले कोणाच्या जिवाशी खेळायचं नाई." बंद म्हणजे मनोहररावांनी खायचं काय? त्यांना चहापलीकडे काही करता येत नाही.

हिमानीनं झपाट्यानं ॲप केलं आणि भिंतीवर टॅबलेट लावून दिला. डबा भरायच्या वेळी नाव दिसणार, पथ्य दिसणार, भरून झालं की बोटानं खूण करायची, मगच पुढचं नाव. कुसुमताईंनी टॅबलेटला हळदकुंकू वाहिलं. पोळ्या लाटणारी गोपिका म्हणाली, "मस्त हाय ताई." दामिनी म्हणाली, "लय सोपं हाय." भाजी करणाऱ्या सिंधूताईंनी तर तिच्यासमोर तर्रीपोह्याची बशीच आणून ठेवली.

दुसऱ्या सकाळी हिमानी खुर्चीवर बसायला आली तर टॅबलेटवर धुतलेला, क्रोशाचा रुमाल टाकलेला. आणि दामिनी आपली रांगेनंच डबे भरत होती.

"काहून झाकलं?"

"खराब होईन ना ताई. पण मस्त हाय."

राग आला तिला, का नाही येणार? पण कोणावर काढणार? आपल्याकडे पाहुण्याला तोंडावर नावं ठेवत नाहीत. लग्नात जेवताना 'वा वा' म्हणायचं आणि भाजीत तेल किती होतं ते परतताना ऑटोत बोलायचं. तिचे बाबा ओमप्रकाश सीताबर्डीला कपड्यांचं दुकान चालवतात. ते नेहमी म्हणतात, "छान हाय म्हणणारं गिऱ्हाईक फिरून येत नाई. कापडात खोट काढते ना, तेच घेते." इथे तर मनोहररावांनी केलेली स्तुतीच चूक झाल्याची खूण होती. मग या तिघींची स्तुती तरी काय कामाची?

त्या दिवशी हिमानीनं बशी बाजूला सारली आणि बेधडक थाप मारली. "खरं सांगू का, हे माझ्या पुण्याच्या मैत्रिणीनं केलं. मले तर काही पटलं नाही. तिले काय काय कळवू, तुम्हीच सांगा."

मग काय विचारता. पुण्याचं नाव निघालं आणि धरणाचं दार उघडलं.

"तिनं कधी कणीक मळली का?" गोपिका म्हणाली. "हात भरले अस्ते आमचे. बोट कोणतं लावू?"

"अक्षरं पाय ना किती बारकी," सिंधूताई म्हणाल्या. "शेगडीपासून दिसत नाई. अन् हे 'लो सोडियम' काय होय? सरळ अळणी लिहाले काय झालं होतं?"

दामिनी सगळ्यात कडू बोलली. "घाईत मी भिंतीकडे पाहतच नाई. मी डब्याकडे पाहतो."

हिमानी भराभरा टिपत होती आणि मनातून खूश होत होती. रोज सकाळी नवं रूप यायचं आणि रोज त्याला नावं ठेवली जायची. बोटाची खूण गेली, अख्खा पडदाच एक बटण झाला, कोपरानं दाबला तरी चालेल असा. अक्षरं टपोरी झाली, 'लो सोडियम'चं अळणी झालं, आणि अळणी डब्याला ओळखू येईल असं लाल झाकण आलं. मग ॲप नाव बोलून दाखवू लागलं, तर गोपिका म्हणाली, "ही बाई बातम्या वाचून राहिली का?" म्हणून सिंधूताईंच्याच आवाजात सगळं भरलं. "मनोहरराव. अळणी. लाल झाकण." त्या आवाजापुढे दामिनीचा हात आपोआप थांबायचा. रुमाल पुन्हा दिसला नाही.

कुसुमताईंनी सगळे डबे ॲपवर सोडले त्या सकाळी, निघायच्या तोंडावर, कोणीतरी डबा नको म्हणून कळवलं. दामिनीनं हिमानीकडे पाहिलं. हिमानी जागची हलली नाही. एक नाव गळालं, सिंधूताईंचा आवाज पुढचं बोलला, लाल झाकण लागलं, डबे गेले.

भांडी घासताना गोपिका हळूच म्हणाली, "ताई, पुण्याची मैत्रीण कोणी नव्हती ना? आमाले पहिल्याच दिवशी समजलं. तुमीच बनवलं होतं."

"अन् तरी एवढं बोललात?"

"तुमी बोलायची सोय करून देली, म्हणून बोललो. नाईतर कशा बोलणार होतो?"

हिमानीला हसू आलं आणि जरा भरूनही आलं. तेवढ्यात कुसुमताईंनी घड्याळाकडे पाहिलं. मनोहररावांची फोनची वेळ टळून गेली होती. भांड्यांचा आवाज थांबला. आज जर ते झकास म्हणाले तर?

फोन वाजला. कुसुमताईंनी तो स्पीकरवर टाकला.

"कुसुमताई, डाळ होती की गरम पाणी? भाजीला चव नाही, कशाला काही नाही. माणसानं जगायचं कसं?"

पाचही जणींचा जीव भांड्यात पडला. सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला.

"उद्याही असंच येईल, सर," कुसुमताई म्हणाल्या.

"मग मी उद्याही फोन करीन."

"करा सर. रोज करा."