रोममधलं बाकडं

आज दुपारी मोबाइलच्या नकाशावर रोमला गेलो, तर कलोसियमसमोरचं बाकडं रिकामं. नकाशावाल्यांनी रस्त्याचे नवे फोटो टाकलेत.

गेली काही वर्षं जेवण झालं की दिवाणावर पाय पसरून मी त्या रस्त्यावर फिरतो. बोटानं चालायचं असल्यामुळे गुडघे कुरकुरत नाहीत. त्या बाकड्यावर एक आजोबा कलोसियमकडे चक्क पाठ करून पेपर वाचत बसलेले असायचे. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. सगळं जग जे पाहायला धावतं, ते आपल्या पाठीमागे असावं आणि आपण निवांत पेपर वाचावा! एकदा तिथं जाऊन त्यांच्या शेजारी बसायचं होतं मला. पण आधी मुलीचं शिक्षण, मग आईचं आजारपण. कलोसियम कुठं पळून जातंय, असं मी म्हणत राहिलो. तेवढं मात्र खरं ठरलं. ते जागेवरच आहे.

"अगं, रोमचे आजोबा दिसत नाहीत."

"जेवायला गेले असतील घरी," बायको हसली. मग तिनं मोबाइल हातात घेतला, ते रिकामं बाकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पासपोर्टला फोटो लागतो ना हो? उद्या दाढी करा."